कालवा निरीक्षक पोहायला शिकतो

दरवर्षी शाळेला सुट्टी लागली की नोव्हेंबरअखेर आम्ही सिंगापूरहून नाशिकला जात असू. त्या वर्षी गेलो नाही. नवरा तुआसच्या ज्या गोदीत काम करतो तिथे एक मोठं जहाज दुरुस्तीला आलं होतं आणि ते वर्षअखेरीला परत द्यायचं ठरलं होतं. त्याची रजा रद्द झाली. लेक आठ वर्षांची. ती दोन दिवस रुसली, मग विसरली. आम्हा दोघांना मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

तिकडे नाशिकला वेगळाच पेच होता. नणंदेचे दिवस भरत आले होते, म्हणून सासूबाई तिच्याकडे पुण्याला गेल्या होत्या. सासरे घरी एकटे. त्यांना गॅस पेटवता येतो, पण चहात साखर किती घालायची ते चाळीस वर्षं दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं. पहिल्या आठवड्यातच त्यांचे फोन वाढले. नवरा म्हणाला, "आपण जाऊ शकत नाही, तर बाबांनाच बोलवू."

बाबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. बॅगेत दोन स्वेटर, एक कानटोपी आणि लोकरीचे मोजे. मी म्हटलं, "बाबा, इथे बारा महिने उन्हाळा असतो. सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस," ते म्हणाले. "पण डिसेंबर आहे ना. मनाला पटेना."

पहिले चार-पाच दिवस ते पंख्याखाली बनियनवर बसून होते. पासिर रिसमधला आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. वारा चांगला येतो, पण दुपारी पाऊस पडून गेला की भिंतींनासुद्धा घाम फुटतो. मी त्यांना मॉलमध्ये घेऊन गेले. तिथे छताएवढं ख्रिसमसचं झाड लावलेलं, त्याच्या फांद्यांवर कापसाचा बर्फ. संध्याकाळी ठरावीक वेळी वरून साबणाचा फेस उडवतात, आणि चड्डी-चपलांतली मुलं त्या बर्फात नाचतात. लेक नखशिखान्त फेसाने माखून आली. बाबा हात मागे बांधून बघत होते. "हौस आहे लोकांना," एवढंच म्हणाले. त्यात नापसंती नव्हती.

लेकीचा सुट्टीतला पोहण्याचा वर्ग आठवड्यातून चार दिवस सकाळी असे. सार्वजनिक तलाव घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत काम करते. डिसेंबरात काम हलकं असल्याने सकाळी घरूनच सुरुवात करायची मुभा होती. लेकीला तलावावर न्यायचं आणि बाकावर लॅपटॉप उघडून बसायचं, असा माझा क्रम. बाबा घरी कंटाळतील म्हणून त्यांनाही घेऊन जाऊ लागले.

त्यांना तलाव आवडला. मुलांचा गोंगाट आवडला असावा, पण त्याहून जास्त त्यांना तिथले म्हातारे आवडले. सत्तरी-पंच्याहत्तरीचे चिनी आजोबा, आज्या सावकाश, घाई न करता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात-येत असत. बाबा त्यांच्याकडे टक लावून बघत.

त्यांच्यातल्या एक बाई आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायच्या. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या. वय बाबांइतकंच, पण खांदे पैलवानासारखे. एकदा पाण्याबाहेर येऊन त्या आमच्या बाकाशी थांबल्या. "अंकल, रोज बसून बघता. पोहता येतं का?"

"नाही," बाबा इंग्रजीत म्हणाले. "मी चौतीस वर्षं इरिगेशन डिपार्टमेंटमध्ये होतो. कॅनॉल इन्स्पेक्टर."

बाई मोठ्यांदा हसल्या. "चौतीस वर्षं पाण्याजवळ, आणि पोहता येत नाही?"

बाबाही हसले. पण घरी येताना त्यांनी दोनदा मागे वळून तलावाकडे पाहिलं.

दोन दिवसांनी मी पोळ्या लाटत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काही मागायचं असलं की ते असे दारात उभे राहतात, आत येत नाहीत.

"तुला एक विचारायचं होतं."

"बोला ना."

"एकोणसत्तराव्या वर्षी पोहायला शिकता येतं का?"

मी लाटणं थांबवलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पोळीकडे बघत होते. मी म्हटलं, "बाईंना विचारू. आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, गोळ्यांची चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, पोहणं चालण्यापेक्षा बरं, फक्त एकट्याने पाण्यात उतरू नका. बाई म्हणाल्या, "उद्यापासून या." राहिला नवरा. बाबा म्हणाले, "त्याला इतक्यात सांगू नकोस." मला ते पटलं नव्हतं. पण नवरा पहाटे पासिर रिसला गाडीत बसून रेल्वेच्या पार दुसऱ्या टोकाला तुआसला जायचा आणि लेक झोपल्यावर परतायचा. सांगायला तो सापडतच नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पहिल्या दिवशी बाबा पट्ट्यापट्ट्यांची ढगळ चड्डी घालून आले. तलावावरच्या जीवरक्षकाने नम्रपणे सांगितलं की पोहण्याचे कपडे हवेत. शेजारच्या दुकानातून काळी, अंगाबरोबर बसणारी चड्डी घेतली. ती घालून ते कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा वरून पंचा गुंडाळलेला होता. पाण्याच्या काठापर्यंत पंचा, मग पटकन पंचा माझ्या हातात आणि ते पाण्यात. ज्या सासऱ्यांसमोर मी लग्नानंतर वर्षभर डोक्यावरचा पदर सावरत वावरले, त्यांचा पंचा सांभाळत मी सिंगापुरात उभी होते.

लहान मुलांचा तलाव त्यांच्या कमरेइतका. बाईंनी सांगितलं, तोंड पाण्यात घालून हवा सोडा. बाबांनी तोंड पाण्याला टेकवलं आणि ठसका लागून उभे राहिले. तेवढ्यात वर्ग संपवून लेक आली आणि त्यांच्याशेजारी उतरली.

"आजोबा, ब्लो करायचं. प्यायचं नाही ला." इथल्या मुलांसारखा तिच्याही वाक्याच्या शेवटी 'ला' येतो.

"प्यायलो नाही मी. आपोआप गेलं."

"आपोआप जात नाही. यू ओपन द माउथ, दॅट्स व्हाय."

ती त्यांच्या समोर पाण्यात तोंड घाले, बुडबुडे काढी, वर येई आणि पोटावर हात ठेवून वाट बघे. त्यांना जमेपर्यंत हलत नसे. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी ही पोर आजोबांच्या बुडबुड्यांसाठी अर्धा-अर्धा तास उभी राहिलेली मी पाहिली आहे.

बाबा बाईंना 'बाई'च म्हणत. शिकवणारी म्हणजे बाई, एवढं त्यांना सरळ होतं. सकाळी भेटल्याबरोबर हात जोडून म्हणत, "गुड मॉर्निंग, बाई." तिसऱ्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुझे सासरे येतात आणि लगेच बाय का म्हणतात? माझं शिकवणं आवडत नाही का?" मी अर्थ सांगितला. त्यांना तो इतका आवडला की त्या तलावावरच्या इतर आज्यांनाही सांगत सुटल्या. त्यांच्यातल्या दोघी मग त्यांना 'बाई' म्हणू लागल्या.

आठवडाभराने चोरी उघडी पडली. त्या रविवारी नवरा घरी होता. कपडे वाळवायच्या बांबूवर काळी चड्डी लटकत होती. "ही कोणाची?" त्याने विचारलं. मी भांडी घासत राहिले. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "माझी. मी पोहायला शिकतोय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बाबा, बीपी आहे तुम्हाला. काही झालं असतं म्हणजे? मला का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

"आणि तू नको म्हणालास की मी ऐकलं असतं," बाबा म्हणाले. "म्हणून नाही सांगितलं."

डॉक्टरांचा कागद मी त्याला दाखवला. तो वाचून त्याने घडी करून परत दिला. दिवसभर तो तुटक बोलत होता. संध्याकाळी त्याने नुसतं विचारलं, "पाय मारता येतात का?" बाबा म्हणाले, "पाय येतात. श्वास येत नाही." नवरा म्हणाला, "श्वास सगळ्यात शेवटी येतो." आणि विषय तिथे मिटला.

डिसेंबरात इथे विजा फार. ढग जमले की तलावावर भोंगा वाजतो, सगळ्यांना बाहेर काढतात आणि धोका टळेपर्यंत पाण्यात जाऊ देत नाहीत. अशाच एका सकाळी आम्ही छपराखाली बसलो होतो. लेक पलीकडे मैत्रिणींबरोबर खेळत होती. बाबा पंचा खांद्यावर घेऊन पावसाने उकळल्यासारख्या दिसणाऱ्या पाण्याकडे बघत होते. मी सहज विचारलं, "बाबा, नोकरीत असताना कधी वाटलं नाही का शिकावंसं?"

"वाटलं नाही असा दिवस गेला नाही," ते म्हणाले. आणि मग त्यांनी सांगितलं.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. नगर जिल्ह्यात कालव्याचं आवर्तन चालू होतं, पाणी काठोकाठ. बाबा सायकलवरून पाहणी करत निघाले होते. काठावर बायका धुणं धूत होत्या. त्यांच्यातल्या एकीची सहा-सात वर्षांची मुलगी घसरून आत पडली. बाबांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी सायकल टाकली आणि काठाने धावत सुटले. पोरीचा झगा पाण्यावर फुगलेला दिसत होता. "हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ ती होती. मी आत पाय टाकला नाही. टाकला असता तर दोघं गेलो असतो, हे मला कळत होतं. पण कळत होतं म्हणून काय झालं?" पुढे एक रोजंदारीवरचा मजूर गाळ काढत होता. त्याने बाबांची हाक ऐकली, खोरं फेकलं आणि उडी मारली. बाबा तसेच चौकीपर्यंत धावले आणि कालव्याचं वरचं दार बंद करायला फोन केला. पाणी ओसरू लागलं. खूप खाली, एका मोरीच्या भिंतीला धरून मजूर उभा होता, आणि पोरगी त्याच्या खांद्यावर. जिवंत.

"मग वाईट काय झालं?" मी विचारलं.

"अहवाल मी लिहिला," बाबा म्हणाले. "त्यात लिहिलं, दार तातडीने बंद करून मजुरांच्या मदतीने मुलीस वाचवण्यात आले. मजुरांच्या मदतीने. त्याचं नाव मला माहीत होतं. लिहिलं नाही. आता तुला खरं सांगतो, लबाडी म्हणून नाही, तशी लिहायची पद्धतच होती. पण पुढे शाल-नारळ मला मिळाला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो."

ती शाल-नारळाची तसबीर मी पाहिलेली आहे. नाशिकच्या घरी देवघराच्या वरच्या भिंतीवर आहे. सासूबाई दर दिवाळीला ती पुसतात.

पाऊस थांबला, भोंगा पुन्हा वाजला आणि ते पाण्यात गेले. मी कोणाला काही बोलले नाही. ते मी सांगायचं नव्हतं.

बाईंच्या घरी ख्रिसमसची एक रीत होती. आदल्या रात्री चर्चला जाऊन यायचं, सकाळी सगळ्या कुटुंबाने तलावावर जायचं, प्रत्येकाने एकदा पाणी पार करायचं आणि मग घरी जेवायचं. त्यांनी आम्हालाही बोलावलं. "माझा विद्यार्थी पार करणार," त्या म्हणाल्या. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

ख्रिसमसला नवऱ्यालाही सुट्टी होती. आम्ही चौघं गेलो. बाईंची दोन मुलं, सुना, एक जावई, नातवंडं, सगळी पाण्यात. कोणाच्या तरी डोक्यावर लाल टोपी होती, ती भिजून नाकावर आली होती. ऊन चढलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर बाई बाबांकडे वळल्या. मोठ्या तलावाची लांबी त्यांच्या आवाक्याबाहेर होती. ठरलं होतं ते असं, की काठावरून निघायचं आणि तलाव आडवा पार करायचा.

बाबांनी पंचा या वेळी माझ्याकडे दिला नाही. नवऱ्याकडे दिला. चष्मा काढून दिला. मग भिंतीला पाय टेकवून निघाले.

त्यांचं पोहणं सुंदर नव्हतं. हात पाण्यावर थापटल्यासारखे पडत होते आणि प्रत्येक श्वासाला मान फार वर येत होती. मध्यावर ते थांबले. पाय खाली सोडून बघितले, तळ लागला नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षण जे आलं ते मला आठवतं. बाई दोन हातांवर होत्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही. माझ्या शेजारून धप्प असा आवाज झाला. नवरा अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला होता. जीवरक्षकाची शिट्टी वाजली. तो बाबांच्या शेजारी गेला, त्यांना धरलं नाही, नुसता बाजूने पोहत राहिला. "चला बाबा. आलंच." बाबांनी मान खाली घातली आणि पुन्हा हात मारायला लागले. पलीकडच्या भिंतीला त्यांचा हात लागला तेव्हा बाईंच्या घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक काठावरून धावत गेली. पळू नका म्हणून जीवरक्षक तिलाही ओरडला.

जेवायला बाईंकडे वीस-बावीस माणसं होती. आमच्यासाठी त्यांनी भाज्या घालून शेवया केल्या होत्या. मी घरून काकडीची कोशिंबीर आणि नारळाच्या वड्या नेल्या होत्या. नवरा बाईंच्या मुलाच्या कपड्यांत बसला होता, पँट आखूड झालेली. बाईंनी बाबांची ओळख करून दिली, की यांनी आयुष्यभर धरणाच्या पाण्यावर काम केलं. त्यांच्या जावयाने विचारलं, "मग तुम्ही पुष्कळ लोकांना वाचवलं असेल, अंकल?"

प्रश्न साधा होता. हसून सोडून देता आला असता. बाबांनी हातातली ताटली खाली ठेवली.

"नो," ते म्हणाले. "वन गर्ल. अनदर मॅन सेव्ह्ड हर. ही जम्प्ड. आय ओन्ली टेलिफोन्ड. बट गव्हर्नमेंट गेव्ह मी द शॉल."

कोणाला नीट कळलं असेल असं वाटत नाही. जावई म्हणाला, टेलिफोन करणंही महत्त्वाचंच. बाई मात्र बाबांकडे बघत होत्या. त्यांनी त्यांच्या ताटलीत आणखी शेवया वाढल्या. आणि नवरा जेवायचा थांबला होता.

लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "बाबा, तो माणूस म्हणजे मला पोहायला शिकवणारे मामाच ना?"

"तोच."

नवऱ्याने मला कितीदा तरी सांगितलं होतं, की लहानपणी वडिलांच्या कालव्यावर मजुरी करणाऱ्या एका मामांनी त्याला पोटाला दोर बांधून कालव्यात पोहायला शिकवलं, आणि वडील सगळा वेळ काठावर दोराचं टोक धरून उभे असायचे. टोक सोडत नसत, त्याचा त्याला तेव्हा राग यायचा.

घरी आल्यावर बाबांनी सगळं पुन्हा सांगितलं, मराठीत, काही न गाळता. नवरा म्हणाला, "त्यांचा नंबर आहे?" बाबा म्हणाले, "नंबर आहे. दसऱ्याला फोन असतो. पण हे कधी बोललो नाही." नवऱ्याने फोन त्यांच्या हातात दिला.

समोरून आधी बराच वेळ बकऱ्यांचा आवाज आला. मग एक खडा आवाज. बाबांनी तब्येतपाणी विचारलं, पाऊसपाणी विचारलं, आणि मग एकदम बोलले, "मी अहवालात तुझं नाव लिहिलं नव्हतं. ती पोरगी वाचली तेव्हा. तू वाचवलीस आणि मी नाव लिहिलं नाही."

"कशात?"

"अहवालात. सरकारी कागदात."

"आता ते काय मला ठावं न्हाई, साहेब. लिवलं असतं तरी मला कुठं वाचाया येत होतं?"

तो माणूसच पुढे म्हणाला, "आन् तुम्ही दार बंद केलं नसतं, तर मी बी गेलो असतो पोरीसंगं. हात सुटायला आले होते माझे. त्या पोरीच्या पोरीचं लगीन झालं ना गेल्या साली. तिनं सोता येऊन पत्रिका दिली मला. पहिली अक्षता मामानं टाकायची म्हनली."

"मला नाही आली पत्रिका," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कशाला यील? तुम्ही कुठं उडी मारली?"

फोन स्पीकरवर होता. नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. खूप वर्षांचं साठलेलं असावं तसं हसत होते, आणि पलीकडचा माणूसही हसत होता. मग बाबांनी त्याला सांगितलं की आज मी पोहलो. त्याने विचारलं, किती? बाबा म्हणाले, "आपल्या पाटाच्या दुप्पट रुंदीचं असेल."

"धार होती का?"

"नाही. तलाव होता."

"मग काय त्यात," तो म्हणाला. "गावाकडं या. धारंला शिकवतो."

जानेवारीत शाळा सुरू झाली, जहाजही गेलं. नणंदेला मुलगी झाल्याचं कळलं आणि बाबांनी परतीची तारीख ठरवली. निघायच्या आदल्या सकाळी ते एकटेच तलावावर जाऊन आले. एकटे म्हणजे बाई होत्याच. काय बोलले दोघं ते आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी नवरा गोदीत उशिरा जाणार होता. त्याने विमानतळाची टॅक्सी किती वाजता सांगू, असं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "जरा उशिराची सांग. तुझ्याबरोबर चहा घेऊन निघतो." चहा त्यांनी स्वतः केला. अगोड झाला होता. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.